लेकीचा कोरा लेहेंगा

आज लेकीचा लग्नाचा डिझायनर लेहेंगा विकायला काढला. तो कोराच आहे. मुलाकडच्यांनी तिला नोकरी सोडायला सांगितली आणि तिने लग्नच मोडलं.

पानशेतहून एक नवरी आणि तिची आत्या आमच्या भोरच्या घरी आल्या. नवरी आतल्या खोलीत माझ्या लेकीच्या मदतीने लेहेंगा घालून बघत होती.

आत्याबाई म्हणाल्या, "मोडल्या लग्नाचा हाय व्हय? मग आदी त्याच्यावरनं नारळ उतरून टाका, बाई."

मी म्हटलं, "माझी लेक वेळेत सुटली. याहून चांगला शकुन तुमच्या नारळात आहे का?"

तेवढ्यात आतून नवरीचा हळू आवाज आला. ती माझ्या लेकीला विचारत होती, "ताई, तुमी घरी कसं सांगितलं?"

नवरी लेहेंगा न घेताच गेली, तो परत कपाटात आहे. ती आणि माझी लेक आत्ताही फोनवर बोलत आहेत.

तुमच्या मुलींना 'नाही' म्हणायला कोणी शिकवलंय का?