औषधापुरती

दवाखान्यात कंपाउंडर म्हणून वर्षानुवर्षं मिक्स्चर ढवळलं की रोगी विसरायला होतात, पण त्यांची बोलणी काही डोक्यातून जात नाहीत. एक किस्सा सांगायला घ्यावा, तर मागून दुसरा येऊन उभा! त्यातही दारूचे सगळ्यांत जास्त. कारण एकोणीसशे तीस साल उलटलं त्या सुमाराला आमच्या रत्नागिरीत दारू कोणी पीतच नसे. सगळे ‘औषधापुरती’ घ्यायचे!

मिक्स्चरसाठी बाटली रोग्यानं घरून आणायची, अशी रीत. ती बाटली आधी कशाची होती, ते बूच काढलं की मला कळायचं.

जुने डॉक्टर सर्दीला ब्रँडी देत, अशक्तपणाला ब्रँडी देत आणि बाळंतिणीलाही ब्रँडीच देत. ते गेले आणि मुंबईहून नवे आले. आल्या आल्या त्यांनी कपाटातली ब्रँडी मोरीत ओतली. मी म्हटलं, “साहेब, रोगी पळतील!”

“पळण्याइतके बरे असतील, तर खुशाल पळू देत!”

*

पळाला नाही तो मिरकरवाड्याचा धोंडू तांडेल. पळणार कसा? पोट फुगलेलं, पाय सुजलेले, डोळे पिवळे. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. त्याच्या शब्दावर खलाशी समुद्रात जायचे. बरोबर बायको पार्वती होती.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, “लिव्हर खराब झालंय. यापुढे थेंबभर जरी घेतलीस, तरी तुला वाचवणं माझ्या हातात नाही.”

धोंडू हसला. “माजा बापूस रोज प्यायचा, डाक्टर. काय झाला नाय त्याला.”

“किती वर्षांचा होऊन गेला?”

उत्तर पार्वतीनं दिलं. “चाळिशी नाय बघितलान.”

*

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी बशीत अंड्याचा पांढरा बलक घेतला आणि त्यावर स्पिरिट ओतलं. बघता बघता बलकाचा पांढराफट्ट गोळा झाला.

“बघ. तुझ्या आत हे असं चाललंय.”

धोंडूनं बशी जवळ घेऊन नीट निरखली. “तरीच! थंडीवाऱ्यात आत ऊब लागते ती ह्यानंच!”

बाकावरचे सगळे खो खो हसले. पार्वती हसली नाही. मलाही हसू आलं नाही, कारण हा माणूस मरायला निघालाय हे दिसत होतं.

*

धोंडू बाकावर बसलेला असतानाच एकदा वकीलसाहेब आले. गावातल्या दारूबंदीच्या सभांचे ठरलेले अध्यक्ष! तक्रार काय, तर हात थरथरतात.

“काही घेता का?” डॉक्टरांनी विचारलं.

“छे! फक्त टॉनिक. विलायती आहे. दोन्ही वेळा.”

बाटली बरोबर होतीच. डॉक्टरांनी लेबल वाचलं आणि ती माझ्या नाकापुढे धरली. मोरीत ओतली, तिचीच सख्खी बहीण!

“वकीलसाहेब, ही दारू आहे.”

“अहो, सही करताना हात थरथरतो म्हणून घेतो!”

“घेता म्हणून थरथरतो.”

वकील ताडकन उठले. “दारू गुत्त्यात मिळते, डॉक्टर. हे औषधांच्या दुकानात मिळतं!”

ते गेल्यावर धोंडूनं मला हळूच विचारलं, “भाऊ, वकिलाला चालते, मग मलाच का नाय?”

त्या वकिलाचा असा राग आला म्हणता!

*

मग खालच्या आळीतली बाळंतीण तापानं फणफणली. सासूबाई ब्रँडीसाठी हटून बसल्या. “आमच्या घरातल्या सगळ्या बाळंतिणी ब्रँडीवरच उठल्या!”

डॉक्टर नाही म्हणाले. सासूबाई दारात उभ्या राहून साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा बोलल्या, “पोरीचं काही बरंवाईट झालं, तर हा डॉक्टर गावात राहणार नाही!”

डॉक्टर खाटेशेजारी बसून राहिले. मी कपाळावरच्या पाण्याच्या घड्या बदलत होतो. पोर गेली असती तर डॉक्टरांना गाव सोडावं लागलं असतं. मग धोंडूला कोण आवरणार?

दिवस कलला तसा ताप उतरला. सासूबाईंनी सुनेच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, “ब्रँडीशिवाय उठली! म्हणजे पोर मुळातच दणकट हो!”

*

पावसाळा सरत आला. डॉक्टरांनी धोंडूच्या पोटातलं पाणी काढलं होतं. पार्वतीनं घरात थेंब येऊ दिला नव्हता. डोळ्यांचा पिवळेपणा उतरला होता. आणि एक दिवस धोंडू म्हणाला, “नारळी पुनवेला होडी लोटायची. त्या दिवशी एक घोट घ्यावा लागंल.”

हंगामाची पहिली होडी लोटताना तांडेलानं तिच्यावर दारू शिंपडायची आणि उरलेलीतला पहिला घोट स्वतः घ्यायचा, अशी त्यांची रीत. त्याशिवाय खलाशी होडीत पाय ठेवत नसत.

“देवाची असते ती, डाक्टर. लागायची नाय.”

“तुझ्या लिव्हरला देव कळत नाही!”

धोंडू पहिल्यांदाच चिडला. “आन् कोन बुडाला, तर त्याच्या बायकोला तुमी सांगणार?”



*

पुनवेला डॉक्टर मला म्हणाले, “चला.”

आम्ही मिरकरवाड्याला पोचलो तेव्हा नारळ वाहून झाला होता. धोंडूनं वाटीतली दारू होडीवर शिंपडली. वाटी तोंडाजवळ नेली आणि त्याचा हात थांबला. सगळे खलाशी डोळे लावून बघत होते.

“घे की, तांडेल!” एक म्हातारा खलाशी ओरडला. “आमाला बुडवतोस काय?”

डॉक्टरांनी माझा दंड असा धरला होता की बोटं रुतत होती. मध्ये पडलो असतो तर दोघांनीही मार खाल्ला असता. धोंडूनं आमच्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि वाटी ओठांना लावली.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून पार्वती धावली. त्या दिवशी बाईमाणसानं होडीजवळ यायचं नसतं. ती गुडघाभर पाण्यात शिरली, नवऱ्याच्या हातातली वाटी हिसकावली आणि एका दमात रिकामी केली! तिला जोराचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. जन्मात कधी चव घेतली नव्हती तिनं.



“बाईनं घेतलेली देवाला चालत नाय!” म्हातारा म्हणाला.

पार्वतीनं पदरानं तोंड पुसलं आणि वाटी सगळ्यांपुढे उपडी धरली.

“आजवर ज्या होड्या बुडाल्या, त्यांवर घोट बाप्यांनीच घेतला होता ना? लोटा होडी!”