नामदेवचा उजवा पाय

हे मी माह्या बायकोलेही सांगितलं नाही. तिच्यापासून मी काहीच लपवत नाही, असं ती साऱ्या नात्यागोत्यात सांगत फिरते — फिरू द्या. तुम्हाले सांगतो. काहून तुम्हाले? ते मलेही ठाऊक नाही.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट असन. सौंसरले मोटार स्टँडच्या मागं माहं गॅरेज होतं. तेव्हा बागवाल्यांना फौजेच्या लिलावातल्या जुन्या फोर-व्हील जीपा घ्यायचं याड लागलं होतं. मागून कापून पिकअप करायची अन् संत्र्याचे खोके भरायचे. पण आपली काळी जमीन — पाऊस जाऊन महिना झाला तरी चाक सोडत नाही. मग जीप उंच करायची. चाकावरच्या स्प्रिंगच्या कमानीत दोन पाटे वाढवायचे, खाली लोखंडी ठोकळे, अन् फौजी ट्रकचे मोठे टायर. या कामात पांढुर्ण्यापर्यंत माहा हात धरणारा कोणी नव्हता, असं लोक म्हणत. बरं, मीही म्हणत होतो.

दिनकरराव बागवाल्याची हिरवी जीप मात्र — काय सांगू. टायर चढवून जॅक सोडला अन् ती उभी राहिली, तेव्हा मी दूर जाऊन नुसता पाहत बसलो. दुपारचं ऊन तिच्या पोटाखालून आरपार जाऊन राहिलं होतं. जमिनीले लागलीच नाही असं वाटे. त्या दिवशी मले भूकही लागली नाही. लोखंडावर जीव जडतो का हो माणसाचा? माहा जडला.

पण जॅक सोडायच्या आधी मी एक गोष्ट पाहिली होती. उस्तादानं शिकवलं होतं — गाडी उंच केली की चाक अधांतरी लोंबवून ब्रेकचा रबरी पाइप पाहायचा, जमिनीवर उभी असताना नाही. मी पाहिला. वीतभराचा पाइप, ताणून पार तारेसारखा झाला होता. लांब पाइप नागपूरहून आणावा लागला असता, दोन दिवस गेले असते. नाही तं ठोकळे काढून जीप खाली घ्यायची. ते मले करवलं नाही. उभी राहिल्यावर पाइप जरा सैल पडला, अन् मी तिकडं पाहणंच सोडून दिलं.

ड्रायव्हर होता नामदेव. शेतमजुराचा पोरगा, घरात पहिलाच स्टेअरिंग धरणारा. जीप दारावरून गेली की त्याची माय बाहेर येऊन उभी राहायची. आठ दिवसांनी तो आला. म्हणे, "भाऊ, ब्रेकचं पायडल नरम लागून राहिलं." मी जीपखाली वाकलोही नाही. म्हटलं, मोठे टायर आहेत, सवय होईल तुले. तो हसला अन् गेला.

दोन दिवसांनी बागेतून नाल्यात उतरताना पुढचं चाक खड्ड्यात लोंबलं, पाइप तुटला, अन् पुढच्या उतारावर ब्रेकच नाही. मी पोचलो तोवर नामदेवले बैलगाडीत घालून नेलं होतं. डाव्या पायाचं हाड मोडलं होतं. नाल्याच्या पाण्यावर शेकडो संत्रे तरंगून राहिले होते, हळूहळू गोल फिरत — अन् मले, सांगायले लाज वाटते, ते सुंदर वाटलं. किती वेळ पाहत उभा होतो मी? मग जीपखाली शिरलो. तुटल्या पाइपाचे दोन्ही तुकडे काढले अन् खिशात घातले. दिनकररावांनी विचारलं तेव्हा म्हटलं — ब्रेक चांगला होता, त्याचा पाय पडला नसन.

जीप माह्याच गॅरेजात आली. लांब पाइप दोन दिवसांतच आला.

नामदेवले मग कोणी गाडी दिली नाही. लंगडत लंगडत जिनिंगमध्ये कापूस ढकलायले जाऊ लागला. एकदा वाटेत थांबला अन् अगदी हळू विचारलं, "भाऊ, खरं सांगा, माहा पाय पडलाच नसन का? मले तं दाबल्यासारखं आठवते."

दोघंच होतो आम्ही. सांगता येत होतं. मी म्हटलं, "घाबरल्यावर असं होते बाप्पा." वरून त्याच्या खांद्यावर हात ठेवला — हा हात.

अन् त्यानं मानलं. गाडीतलं माह्यापेक्षा त्याले जास्त काय कळणार? पुढं म्हातारपणी ओट्यावर बसला की त्याचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. पुन्हा दाबायचा, पुन्हा. त्याले कळतही नसे. मी दिसलो की हात वर करून "जयभीम भाऊ" म्हणायचा, अन् पाय तिकडं चालूच.

गेल्या पावसाळ्यात गेला तो. त्याचा पाय पडला होता. बरोबर वेळेवर पडला होता.