कास्ट्रिकमच्या किनाऱ्यावर, फोनची वाट बघत

डॉक्टरांचा फोन बुधवारी दुपारी येणार होता. घरात बसून वाट बघणं मला जमणार नव्हतं, म्हणून समुद्रावर जायचं ठरवलं.

भिडू आमचा नऊ वर्षांचा कुत्रा, पुण्याहून आमच्याबरोबर अ‍ॅमस्टेलव्हीन या डच शहरात आलेला. दहा दिवसांपूर्वी आंघोळ घालताना त्याच्या काखेत गाठ लागली. डॉक्टरांनी सुईने नमुना घेतला. तेव्हापासून माझा नवरा समीर आणि मी तो विषयच टाळत होतो. दहा वर्षांच्या मीराला तर ‘छोटीशी गाठ आहे’ एवढंच सांगितलं होतं.

इथे बुधवारी शाळा लवकर सुटते. समीर रॉटरडॅमला ऑफिसात होता, म्हणून मीराला शाळेतून घेतलं आणि आम्ही तिघं निघालो. कास्ट्रिकमचा किनारा गाडीने पाऊण तासावर. कुत्रा नेणार असाल तर थंडीतच जा. उन्हाळ्यात दिवसा बंधनं असतात, नोव्हेंबरात त्याला मोकळं सोडता येतं. पार्किंगला पैसे पडतात, आणि कानटोपी विसरलात तर वारा पाच मिनिटांत परत पाठवतो.

पट्टा सोडताच भिडू सुसाट सुटला. सीगल उडवले, लाटांवर भुंकला.

“आई, ही इज सो हॅपी!” मीरा ओरडली.

मी मान डोलावली. एक हात सतत खिशातल्या फोनवर.

तासाभराने गारठून गावातल्या एका जुन्या कॅफेत शिरलो. मालकीणबाईंनी आधी भिडूसमोर पाण्याचा वाडगा ठेवला, मग आम्हाला मेनू दिला. वाटाण्याच्या सूपमध्ये बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं, शाकाहारी असाल तर विचारून घ्या. आम्ही अ‍ॅपल पाय मागवला. तो आला आणि फोन वाजला.

दवाखान्यातली बाई भराभर डचमध्ये बोलत होती. माझं डच दुकानापुरतं. इंग्रजीत बोला म्हणायचंही सुचेना, मी फोन मीराकडे दिला.

ती ऐकून म्हणाली, “शी सेज, स्वभावाने चांगला आहे.”

“अगं, ते मला माहितीये! गाठीचं काय?”

“तेच तर! खूटआर्दख म्हणाली ती. म्हणजे चांगल्या स्वभावाचा.”

तो शब्द ऐकून मालकीणबाई थबकल्या. “कशाबद्दल चाललंय?” त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी भिडूची काख दाखवली. त्यांनी मीराकडून फोन घेतला, दोन प्रश्न विचारले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“गाठीला खूटआर्दख म्हटलं, की त्याचा अर्थ कॅन्सर नाही. चरबीची गाठ आहे. काढायचीही गरज नाही.”

मी भिडूच्या ओल्या मानेत तोंड खुपसून रडले. समीरला फोन केला. तो म्हणाला, “त्याला काहीतरी खायला दे गं.”

संध्याकाळी समीर आला तो बूटही न काढता भिडूशेजारी जमिनीवर बसला. या सहलीचा एकही फोटो माझ्याकडे नाही. राहिलंय ते मीराचं बोलणं. एरवी अर्धंमुर्धं इंग्रजीत बोलणारी ही मुलगी आमच्यासमोर उभी राहून चक्क पूर्ण मराठीत म्हणाली, “मला खरं सांगायला हवं होतंत. मी नीट विचारलं असतं.”