डाव्या पायाचा पाऊण इंच

नाशिकरोड, मे महिन्यातली रणरणती दुपार... आणि मशीनची तिसरी सुई मोडली. नव्वदचं दशक संपत आलं होतं, कॉलेजात मुली जीन्स घालून यायला लागल्या होत्या आणि मी स्वतःची जीन्स घरीच शिवायचा हट्ट धरला होता.

रेडिमेड एकही धड बसत नव्हती. कंबरेला बसली की मांडीत अडकायची. मग मेन रोडवरून डेनिम आणलं आणि आईला जाहीर करून टाकलं. एरवी तिने चार सूचना दिल्या असत्या. त्या दिवशी फक्त "सुई मोडशील" एवढंच म्हणाली.

आई आमच्या गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. पण दीड वर्षापूर्वी माझा मोठा भाऊ सटाण्याहून येताना बाइकच्या अपघातात गेला, तेव्हापासून तिने मशीनवर चादर टाकली ती टाकलीच; आता ती मीच काढली होती. नंदूदादाचं नावसुद्धा घरात कुणी घेत नव्हतं.

आमच्याकडे कटिंगची पद्धत सोपी. अंगाला बसणारा जुना कपडा उसवायचा, त्याचे तुकडे नव्या कापडावर ठेवायचे आणि खडूने आखून घ्यायचं. आता माझ्याकडे जुनी जीन्स कुठली? घरात होती ती एकच... दादाची. आम्ही दोघं अंगाने सारखेच काटकुळे.

तो गेल्यावर मावशीने त्याचे सगळे कपडे देऊन टाकले होते. ही जीन्स तेव्हा गच्चीत दोरीवर वाळत होती, म्हणून राहिली. आईने ती जुन्या साडीत गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवली होती. मला वाटलं, उसवते, आखते आणि परत होती तशी शिवून ठेवते, आईला कळणारसुद्धा नाही. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

बाबा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ड्युटीवर, आई आत आडवी झालेली. मी एकेक शिवण उसवली आणि तुकडे फरशीवर मांडले. गुडघ्यापाशी कापड अजून फुगलेलं होतं. तळहाताने दाबून सपाट केलं, खडू आणायला उठले, परत येऊन बघते तर पुन्हा फुगलेलं... कुणी नुकताच पाय वाकवावा तसं.

मी ते न बघितल्यासारखं केलं आणि भराभर आखायला घेतलं.

जाणत्या माणसाने कापडाची घडी घालून दोन्ही पाय एकदम कापले असते. मी उजव्यावरून उजवा आणि डाव्यावरून डावा, असे वेगवेगळे आखले. डावा जरा आखूड दिसत होता. त्यातही काही शास्त्र असेल म्हटलं, आणि जसाच्या तसा कापला.

चार दिवसांनी जीन्स तयार झाली. दादाचे तुकडे अजून माझ्या पलंगाखाली गाठोड्यात होते. आई स्वयंपाकघरात पाठमोरी बसून गहू निवडत होती. मी जीन्स चढवली आणि बाहेरच्या खोलीत फेऱ्या मारायला लागले.

उजव्या पायाची मोहरी, म्हणजे खालची कड, टाचेखाली येऊन फरशीवर घासायची. डावीचा मात्र काही आवाज नाही. सर्र... टप. सर्र... टप. तिसऱ्या फेरीला माझ्या लक्षात आलं की ही चाल मला माहीत आहे. दादा लहानपणी पेरूच्या झाडावरून पडला होता, तेव्हापासून तो एक पाय किंचित ओढत चालायचा.

मला थांबायचं होतं... खरं सांगते, पाय थांबेनात. आणि आतून आईचा आवाज आला. अगदी साधा, रोजचा.

"आलास का, नंदू? पंखा लाव, घामाघूम झाला असशील."

तेव्हा कुठे माझे पाय थांबले. आई दारात आली. तिने माझ्याकडे, मग खाली मोहरीकडे बघितलं. म्हणाली, "त्याची कुठे आहे?"

मी गाठोडं आणून पुढ्यात ठेवलं. थोबाडीत बसली असती तरी चाललं असतं, पण ती नुसती तुकड्यांवरून हात फिरवत होती. आपण दादाला दुसऱ्यांदा घालवलं असं मला वाटलं, आणि मी हमसून रडले.

आईने डाव्या पायाचा तुकडा उचलला. पडल्यानंतर त्याचा डावा पाय वाढीत मागे राहिला होता. लोकांना कळू नये म्हणून ती त्याच्या प्रत्येक पँटचा डावा पाय पाऊण इंच कापायची, हे तिने मला तेव्हा सांगितलं. इतकी वर्षं एका घरात राहून मला त्याचा पत्ता नव्हता.

"उजवा दुमडून टाकू," मी म्हटलं.

"नको. आता काही आखूड करायचं नाही."

आणि दीड वर्षानंतर ती मशीनवर बसली. दादाच्या त्याच तुकड्याची पट्टी कापून तिने माझ्या डाव्या मोहरीला जोडली. नव्या गडद निळ्याला विटका निळा जोड. एकही सुई मोडली नाही.

"चाल आता," म्हणाली. मी चालले. दोन्ही पाय सारखे घासत होते, सर्र सर्र. मी तिच्याजवळ येऊन थांबले.

मी थांबल्यावर बाहेरच्या खोलीत एक पाऊल वाजलं... टप. एकदाच. मी आईकडे बघितलं, तिने माझ्याकडे. बाहेर कुणीच नव्हतं.

आई शांतपणे उठली, बाहेरच्या खोलीत गेली आणि पंखा लावून आली. मग गव्हाचं ताट पुढे ओढून दादाबद्दल बोलायला लागली... बाबा घरी येईपर्यंत बोलत होती.

ती जीन्स आता मला होत नाही, पण कुणाला दिलेली नाही. भीती वाटली होती, नाही कशाला म्हणू? पण त्या एका पावलाचे उपकार मी विसरलेले नाही. त्या दुपारनंतर आमच्या घरात दादाचं नाव पुन्हा घेतलं जाऊ लागलं.