हळदीचं बोट

साबणाने धुतलेला सुती दोरा उन्हात तापला, की त्याच्या वासाने मला धाकट्या जावेचा क्रोशाचा पांढरा रुमाल आठवतो. कारंजा गावच्या एका बाईंनी त्याचा फोटो मागवला होता. आवडला तर जावेची ती पहिलीच ऑर्डर ठरणार होती. वरणाला फोडणी देता देता मी रुमाल उचलला आणि हळदीचं बोट कोपऱ्याला लागलं. मी कोणाला बोलले नाही. मोबाईलवर फोटो काढून सुधारायचं काम माझ्याकडे, म्हणून पांढरा रंग इतका वाढवला की डाग विरून गेला. जाऊ फोटो पाहून म्हणाली, “बाई, जाळीच दिसून नाई राह्यली. दूध सांडल्यावानी दिसते हे तं.” खरंच होतं, डागासोबत तिची सारी मेहनतही मी पुसली होती. मग कॉन्ट्रास्ट वाढवला. एकेक टाका वर आला, आणि डागही. “माया हातचा हाय तो,” मी एकदाचं सांगितलं. तिने मोठा श्वास सोडला. “मले वाटलं, मायाच हाय. तुमाले सांगाले भेत होती मी.” दोघींनी रुमाल धुऊन गच्चीवर टाकला, संध्याकाळपर्यंत उन्हाने हळद उडवली, आणि नव्या फोटोवर ऑर्डरही आली. अजूनही कुठलाही फोटो उजळण्याआधी मी कॉन्ट्रास्ट वाढवून पाहते. जे दिसायचं ते आधीच दिसून जाऊ दे.