जावईबापूंचा चहा

जगातले झाडून सगळे जावई सासरी मान घ्यायला जातात. आमचे जिजाजी मात्र धारहून देवासला येतात ते सासूबाईंना उठवायला. जिजाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. खरं तर भावजी म्हणायला हवं, पण माळव्यात पिढ्या गेल्या, तेव्हा जिजाजीच. नळखात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी म्हातारी माणसं हिंडती-फिरती ठेवण्याचा विडा उचलला आहे. कुणाच्याही घरी गेले की आधी खुर्चीचे हात हलवून बघतात, मग न विचारता न्हाणीघरात शिरून फरशीवर बूट घासतात आणि निघताना दारातलं पायपुसणं गुंडाळून काखेत मारतात. "यावर पाय सरकतो," एवढंच स्पष्टीकरण. ताईच्या माळ्यावर अख्ख्या गोतावळ्याची पायपुसणी साठली आहेत. इंदूरच्या एका लग्नात तर अक्षता टाकायच्या सोडून ते स्टेजच्या पायऱ्यांशी उभे राहिले आणि वर चढणाऱ्या प्रत्येक आजीला हात देत बसले. मुलीकडच्यांना ते मुलाकडचे वाटले, मुलाकडच्यांना मंडपवाल्याचे. त्या दिवशी ते जेवायचेही राहिले.

आमच्या घरात आईच्या पलंगापासून न्हाणीपर्यंत, तिथून स्वयंपाकघरात आणि तिथून बैठकीत, भिंतीला कमरेच्या उंचीवर लोखंडी नळ फिरवलेला आहे, कोपऱ्याकोपऱ्यावर एल्बो लावून. तो धरून आई चालते. नवे पाहुणे त्याला तोटी शोधतात.

हे सगळं सुरू झालं गेल्या थंडीत. आई न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, इंदूरला ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "इन्हें चलाइए." पण चालवायचं म्हणजे पुन्हा पडली तर? आमच्या घरची जुनी रीत अशी की वडीलधाऱ्यांना पाण्याच्या भांड्यासाठीसुद्धा उठावं लागू नये. त्या रीतीच्या आड आम्ही आमची भीती छान लपवली. पाणी हातात, ताट हातात, उशी पाठीशी. नवरात्रात देवीची टेकडी चढून जाणाऱ्या बाईच्या पोटऱ्या बघता बघता वाळून गेल्या. मला दोन्हीकडून धास्ती होती: चालली तर पडेल, आणि नाही चालली तर कायमची पडून राहील. ऑफिसात फोन वाजला की घरचा तर नाही ना, हे मी आधी बघायचो.

अशात एका रविवारी ताई आणि जिजाजी आले. बायकोनं चहा आणून ठेवला. जिजाजींनी कप बाजूला सारला आणि आतल्या खोलीत पोचेल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "मी घेईन तर आईंच्याच हातचा. नाहीतर पाणीसुद्धा नको." ताईला कुठे तोंड लपवू असं झालं. मी म्हणालो, "अहो जिजाजी, तिला उठवत नाही हो." त्यावर ते दबक्या आवाजात, इकडच्या पद्धतीनं 'भैया'चा 'भिया' करत म्हणाले, "तू बस रे भिया, बीच में मत बोल."

आईच्या लेखी जावई घोटभर चहावाचून बसणं म्हणजे घराण्याची अब्रू जाणं. आत पलंग करकरला. "सूनबाई, वॉकर पुढे घे गं. जावईबापू खोळंबलेत." वॉकरचा आवाज एकेक करत स्वयंपाकघराकडे निघाला. मी धडपडत उठलो, तर जिजाजींनी माझं मनगट धरलं. "तुझी बायको आहे मागे. तिला सांगून ठेवलंय. फिजिओथेरपीवाल्यांनाही विचारलंय." त्यांचा हात बर्फासारखा गार पडला होता. चहा बायकोनं उचलून आणला, पण कप जिजाजींच्या हातात दिला तो आईनंच, धापा टाकत. त्यांनी तो निवांत, फुर्रफुर्र करत प्यायला, आणि मला त्यांची अगदी चीड आली.

संध्याकाळी बसस्टँडवर पोचवायला गेलो तेव्हा ते आपणहून म्हणाले, "माझ्या आईला आम्ही फार जपलं रे. पलंगावरून खाली पाय ठेवू दिला नाही. मग पाय राहिलेच नाहीत." पुढच्या खेपेला ते बसच्या टपावर नळ लादूनच आले. कंडक्टरला वाटलं, कुठे विहिरीसाठी बोअर मारायचंय; त्यानं विचारलं, "दादा, बोरिंग है क्या?" हे म्हणाले, "नहीं भिया, सासूबाई हैं."

तेव्हापासून जमेल त्या रविवारी जिजाजी येतात आणि चहासाठी अडून बसतात. पण वय कुणासाठी थांबलंय? गेल्या रविवारी एका हातानं नळ धरून, दुसऱ्या हातात कपबशी घेऊन आई बैठकीकडे निघाली आणि मध्येच थांबली. बायको मागे होतीच, तरी माझा जीव टांगणीला लागला. ती पोचली तेव्हा निम्मा चहा बशीत होता. जिजाजींनी बशी तोंडाला लावली आणि म्हणाले, "आई, आलं कमी पडलंय. अजून एक कप होऊन जाऊ दे."

"आणते हं," म्हणून आई वळली. मला संताप आला. बोलायला म्हणून त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांचे डोळे भरून आले होते. आई दाराआड गेली. आम्ही दोघं कान देऊन बसलो. बराच वेळ आतून काहीच ऐकू आलं नाही. मग ओट्यावरून खलबत्त्याचा आवाज आला.

"उभ्यानं कुटताहेत," जिजाजी म्हणाले.