अप्पांची चालू चौकशी

लग्नपत्रिका हातात पडली की अप्पा आधी तिच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'ड' लिहीत आणि मगच नवरा-नवरीची नावं वाचत. ड म्हणजे वर्षभर ठेवायचा कागद. अप्पा मूळचे उदगीरचे, आमच्या तालुक्याच्या कचेरीत रेकॉर्डकीपर. लाल रुमालात बांधलेलं दफ्तर कायमचं, पिवळ्यातलं दहा वर्षांचं, पांढऱ्यातलं वर्षाचं; जगाची त्यांनी एवढीच विभागणी केली होती. मी नवा कारकून म्हणून रुजू झालो तेव्हा मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "पांढऱ्या रुमालातला दिसतो."

मुदतीच्या बाबतीत ते फार कडक. कागद एक दिवस आधी फाडायचा नाही, एक दिवस जास्त ठेवायचा नाही. "ठिवून ठिवून काय करतो? उंदरं वाचत न्हाईत," म्हणायचे. घरची भांडणंही वर्षाने नष्ट करतो, असं सांगत. काकूंचं दफ्तर मात्र सगळं लाल रुमालात होतं.

बहात्तरच्या दुष्काळाला दहा वर्षं झाली आणि लातूर जिल्हा वेगळा झाला. नव्या जिल्ह्याला पाठवण्याआधी दफ्तर छाटा, असा हुकूम आला. दुष्काळी कामांचे हजेरीपट मुदत संपलेले. फाडायचं काम माझ्याकडे. मी इतक्या उत्साहाने फाडत होतो की कचेरीत माझी पहिली आणि शेवटची स्तुती तेव्हाच झाली.

अशात जळकोटकडच्या एका खेड्यातून पारूबाई आल्या. त्यांचा नवरा तलावाच्या कामावर दरड कोसळून गेला होता. त्याचा फोटो कधी काढलेलाच नव्हता. जुनी दफ्तरं फाडतायत, हे त्यांना एसटीत कुणीतरी सांगितलं होतं.

"कागुद नगं सायेब," त्या अप्पांना म्हणाल्या. "त्यात त्यांचा आंगठा हाय. तेवढा दावा."

तो गठ्ठा माझ्या मांडीवर, सुतळी सोडलेला. अप्पांनी तो ओढून घेतला, पान काढलं. बाईंनी त्या निळसर ठशावर स्वतःचा अंगठा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाल्या, "फाडा आता."

अप्पांनी चष्मा पुसला आणि शेऱ्याचा रकाना वाचला. 'कामावर मयत. चौकशी व्हावी.'

"चौकशी झाल्याचा कागद कुठं हाय?" त्यांनी मला विचारलं.

कुठेच नव्हता.

"मग? चौकशी मिटल्याबिगर मुदत सुरू होत न्हाई. बांध."

आता चौकशी करणार कोण, असं मी विचारलं. "ते नियमाला इचार," म्हणाले.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत अप्पा दरसाल त्या गठ्ठ्यावर 'चौकशी बाकी' लिहून सही करत. पारूबाई दर उन्हाळ्यात यायच्या, अंगठा टेकवायच्या आणि टेबलावर मूठभर शेंगा ठेवून जायच्या. मला चार्ज देताना अप्पांनी सगळं लेखी दिलं. तोंडी एकच गोष्ट सांगितली. "ती चौकशी मिटवू नको."

अप्पा गेले. पुढे पारूबाईंचं येणंही थांबलं. माझी बढतीवर नांदेडला बदली झाली, तेव्हा चार्ज घेणाऱ्या मॅडमनी नेमका तोच पिवळा गठ्ठा वर काढला. एवढी जुनी चौकशी, आता बंद करू या का, म्हणाल्या. विचारायला कुणी येणार नव्हतं. कागद एक दिवसही जास्त ठेवायचा नाही, हा अप्पांचाच नियम, असंही मनात येऊन गेलं.

मी पेन घेतलं, तारीख टाकली आणि अप्पांच्या सहीखाली लिहिलं : चौकशी बाकी.